नेटवर्क स्लो की सर्व्हर स्लो? पॅकेट पकडून लेटन्सी मोजायची रीत

ॲप स्लो झालं की पहिली बोंब नेटवर्कच्या नावाने होते, मग नेटवर्कवाला पिंग करून दाखवतो की हे बघा ३० मिलिसेकंद, आमच्याकडे सगळं ओके आहे. पण पिंग चालतं आयसीएमपी या चाचणी-निरोपांच्या प्रोटोकॉलवर, बरेच राउटर त्याला वेगळी वागणूक देतात, आणि तुमचं ॲप बोलतंय टीसीपीवर, म्हणजे आधी कनेक्शन जोडून डेटा पाठवणाऱ्या प्रोटोकॉलवर. त्यामुळे जी पॅकेटं खरंच गेली-आली तीच पकडायची आणि त्यांच्या वेळांवरून लेटन्सी, म्हणजे लागलेला वेळ, काढायची, वादच मिटतो.

पकडायला टीसीपीडम्प हे कमांड-लाइन टूल पुरतं. क्लायंटच्या मशीनवरच चालवा, पोर्टचा फिल्टर लावा, डॅश डब्ल्यूने फाइलमध्ये लिहा आणि डॅश एस ९६ द्या. म्हणजे प्रत्येक पॅकेटचे पहिले ९६ बाइटच सेव्ह होतात, आयपीव्ही४ आणि टीसीपीचे हेडर (पॅकेटच्या सुरुवातीची पत्त्यांची वगैरे माहिती) तेवढ्यात बसतात, फाइल लहान राहते आणि लोकांचा डेटा आपल्याकडे फारसा पडून राहत नाही. परवानगी घेऊनच करा हे.

आता स्क्रिप्ट. पायथन आणि त्याची पॅकेट वाचायची लायब्ररी स्केपी घ्या, पण तिचं आरडीपीकॅप वापरू नका, ते अख्खी फाइल मेमरीत ओढतं, पीकॅपरीडरने एकेक पॅकेट वाचा. सिन, म्हणजे कनेक्शन सुरू करायला क्लायंट पाठवतो ते पहिलं पॅकेट, दिसलं की दोन्हीकडचे आयपी आणि पोर्ट मिळून डिक्शनरीसाठी एक की (key) बनवायची, डिक्शनरीत वेळ आणि सिक्वेन्स नंबर ठेवायचा. सिन-ॲक, म्हणजे सर्व्हरचं त्यावरचं उत्तर, आलं की तीच की उलटी करून शोधायची, त्यातला ॲक (पोहोच) नंबर सिनच्या सिक्वेन्स नंबरपेक्षा बरोबर एकने जास्त आहे ना ते बघायचं आणि वेळांची वजाबाकी करायची. झाला तुमचा राउंड ट्रिप टाइम, म्हणजे जाऊन-येऊन लागलेला वेळ. दोन्ही वेळा एकाच मशीनच्या घड्याळाच्या, त्यामुळे घड्याळं जुळवायची भानगड नाही.

एकच सिन दोनदा गेलं असेल तर ते कनेक्शन या हिशोबातून काढून टाका, कारण उत्तर कोणत्या सिनचं ते कळत नाही, कार्न आणि पार्ट्रिज या संशोधकांनी १९८७ मध्येच हा नियम सांगून ठेवलाय. पण अशी कनेक्शनं वेगळी मोजा हं! लिनक्स पहिलं सिन हरवलं तर साधारण १ सेकंदाने परत पाठवतं, म्हणजे युजर "मधेच एक सेकंद अडकतं" म्हणत असेल तर ते इथे सापडतं.

खरी मजा पुढे आहे. आमच्या एका अंतर्गत सर्व्हिसच्या, साध्या एचटीटीपीच्या कॅप्चरमध्ये हँडशेक (वर मोजलेलं सिन ते सिन-ॲक) ३२ मिलिसेकंदात झाला होता, रिक्वेस्ट गेल्यावर तिचा नुसता ॲक, म्हणजे डेटाशिवायची पोहोच, ७२ व्या मिलिसेकंदाला आला आणि उत्तराचा पहिला बाइट ९४३ व्या. वाट ३२ चीच, ॲकमधले वरचे ४० लिनक्सच्या डिलेड ॲकचे (पोहोच मुद्दाम जरा थांबून पाठवायची पद्धत), आणि उत्तरातले उरलेले ९११ मिलिसेकंद सर्व्हर आत काहीतरी करत बसला होता, पुढे बघितलं तर डेटाबेसची क्वेरी निघाली. म्हणून पहिल्या बाइटच्या वेळेतून हँडशेकचाच आकडा वजा करायचा, ॲकचा नाही, शिवाय उत्तर झटकन आलं तर ॲक त्याच पॅकेटवर बसून येतो, वेगळा दिसतच नाही.

इथे एक गोष्ट मला फार उशिरा कळली. पॅकेटमध्ये डेटा आहे का हे स्केपी दाखवतं त्या पेलोडची (हेडरनंतरच्या भागाची) लांबी बघून ठरवू नका. आपण ९६ बाइटवर कापलंय म्हणून ती कमी दिसते, आणि इथरनेटवर आलेल्या छोट्या ॲकला ६० बाइट भरायला शेपटीला शून्यं लावलेली असतात, ती डेटा समजली जाऊ शकतात. आयपी हेडरमधली एकूण लांबी घ्या, तिच्यातून आयपी आणि टीसीपीच्या हेडरची लांबी वजा करा, उरेल तोच डेटा.

आकडे आले की सरासरी काढू नका प्लीज, चार वाईट कनेक्शनं तिला कुठच्या कुठे नेतात. मीडियन (मधला आकडा) आणि ९५ वा पर्सेंटाइल (ज्याच्या खाली ९५ टक्के आकडे येतात तो) काढा, तोही डेस्टिनेशनप्रमाणे वेगवेगळा.

आणि आकडा शक्य तरी आहे का ते ताडून बघा. फायबरमध्ये प्रकाश १ मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. मुंबई-सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंदांच्या खाली येणं शक्यच नाही. सर्व्हर सिंगापूरला आणि स्क्रिप्ट ४ दाखवत असेल तर आधी स्क्रिप्ट तपासा, ती बरोबर असेल तर तुमचा हँडशेक मधल्याच एखाद्या प्रॉक्सीशी (मध्यस्थ सर्व्हरशी) किंवा जवळच्या सीडीएनशी (युजरजवळ ठेवलेल्या सर्व्हरांच्या जाळ्याशी) होतोय, आणि तिथून पुढची वाट मोजायला कॅप्चर त्या प्रॉक्सीवर घ्यावं लागेल.