चित्र आणायला कोण जातं? खातं उघडण्याआधीची तयारी

मॅस्टोडॉन, लेमी, नॉस्टर ही एका कंपनीची नव्हे, तर वेगवेगळ्या लोकांच्या सर्व्हरवर चालणारी समाजमाध्यमं. यांत कुठेही खातं काढायचं असो, आधी एवढं शोधून काढा: टाइमलाइनवरचं चित्र आणायला कोण जातं, तुमचा सर्व्हर की थेट तुमचा फोन? फोन जात असेल, तर चित्र जिथे ठेवलंय तिथल्या लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमचा पत्ता), वेळ आणि बहुधा ब्राउझर किंवा ॲपचं नाव उमटतं. क्लिकही करावं लागत नाही, पोस्ट पडद्यावर आली की झालं. चित्र डोळ्यांना दिसायला हवं असंही नाही. १ बाय १ पिक्सेलचं पारदर्शक जीआयएफ पुरतं. ही युक्ती ईमेलमध्येही जुनीच. जीमेलनं डिसेंबर २०१३ पासून चित्रं स्वतःच्या प्रॉक्सीतून, म्हणजे तुमच्याऐवजी चित्र आणून देणाऱ्या मधल्या सर्व्हरमधून, दाखवायला सुरुवात केली.

मॅस्टोडॉनचा सर्व्हर परकी चित्रं सहसा स्वतः आणून साठवतो, त्यामुळे तिथे काळजी कमी. मॅस्टोडॉनसारख्याच प्लेरोमात प्रॉक्सीची सोय आहे, पण ती ॲडमिननं, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्यानं, चालू करावी लागते. लेमीत सगळी चित्रं प्रॉक्सीतून नेण्याचा पर्याय २०२४ साली ०.१९.४ या आवृत्तीत आला, तोही ॲडमिनच्याच हाती. तेव्हा ॲडमिनला सरळ विचारा. नॉस्टरमध्ये विचारायचं कुणाला हाच प्रश्न आहे: रिले नावाचे तिथले सर्व्हर मजकूर पोचवतात, चित्राची फक्त लिंक असते, आणि ॲपनं स्वतःची प्रॉक्सी ठेवली नसेल तर फोन थेट त्या लिंकवर जातो. प्रोफाइल फोटोचंही तेच, आणि हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

सांगितलेल्यावर विसंबू नका, तपासा. संगणकावर टाइमलाइन उघडून एफ१२ दाबा, उघडणाऱ्या चौकटीतल्या ‘नेटवर्क’ टॅबमध्ये फक्त चित्रं निवडा, पान पुन्हा लोड करा आणि डोमेन वाचत जा. तुमच्या सर्व्हरनं चित्रांसाठी वेगळं डोमेन ठेवलेलं असू शकतं, ते पाहून दचकू नका. दहा अनोळखी डोमेन दिसली, तर मात्र उत्तर मिळालं. मोबाइल ॲपची परीक्षा थोडी खटपटीची आहे: स्वतःची वेबसाइट असेल तर तिथे एक चित्र ठेवा, दुसऱ्या सर्व्हरवरच्या खात्यातून ते अपलोड न करता त्याची लिंक पोस्ट करा, फोनवर पाहा आणि वेबसाइटचा लॉग उघडा. घरचा आयपी तिथे दिसतोय का?

दिसला, तर ॲपमध्ये चित्रं आपोआप उघडणं बंद करा. नॉस्टरच्या ॲमेथिस्ट या ॲपमध्ये तशी सेटिंग आहे. व्हीपीएन घ्यायला हरकत नाही, पण त्यानं झाकला जातो तो फक्त पत्ता. खासगी संदेशात कुणी फक्त तुमच्यासाठी बनवलेली चित्राची लिंक पाठवली, तर ती उघडल्याची वेळ पाठवणाऱ्याला कळतेच, पत्ता लपवणारं टॉर हे जाळं वापरलं तरी. अनोळखी माणसाच्या संदेशातलं चित्र म्हणूनच मी उघडत नाही.

एकट्यापुरता सर्व्हर चालवणाऱ्यांचं प्रकरण वेगळं. प्रॉक्सी असूनही समोरच्याला दिसतो तो तुमच्या सर्व्हरचा पत्ता, आणि त्यावर माणूस एकच. पोस्ट येताच चित्र आणून ठेवणारा सर्व्हर असेल तर निदान तुम्ही ते कधी पाहिलंत हे कळत नाही. मागितल्यावरच आणणारा असेल तर तेही कळतं. आणि ‘मूळ पान उघडा’ दाबलंत की प्रॉक्सी मागेच राहते, परक्या सर्व्हरच्या दारात तुम्ही स्वतः उभे असता.