स्टेबल डेबियनमध्ये नवी पॅकेजेस घालताना या चुका टाळा

डेबियन या लिनक्स सिस्टीमच्या स्थिर आवृत्तीवर, म्हणजे स्टेबलवर, काम करताना कधी ना कधी एखादा प्रोग्रॅम जुना वाटतोच. मग सोर्सेसच्या फाइलमध्ये (पॅकेजेस, म्हणजे बसवायचे प्रोग्रॅम, कुठून आणायचे ते तिथे लिहिलेलं असतं) टेस्टिंगची, म्हणजे अजून तयार होत असलेल्या पुढच्या आवृत्तीची, एक ओळ घालायचा मोह होतो. सगळ्यात महागात पडते ती हीच ओळ.

पॅकेज एकटं येत नाही. टेस्टिंगमधला प्रोग्रॅम तिथल्या नव्या सी लायब्ररीवर बांधलेला असतो आणि सिस्टीममधला जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम तीच लायब्ररी वापरतो. डेबियन 12 मध्ये ती 2.36 होती, 13 मध्ये 2.41 आहे. तुम्हाला हवा असतो एक छोटासा एडिटर, आणि पॅकेजेस बसवणारं एपीटी थेट लिबसी6, म्हणजे या लायब्ररीचंच पॅकेज, बदलायला घेतं. पुढे परतीची वाट जवळजवळ बंदच, कारण डाउनग्रेडला, म्हणजे जुन्या आवृत्तीकडे परतण्याला, डेबियनचा अधिकृत पाठिंबा नाही. म्हणून एंटर दाबण्याआधी तीच बसवण्याची कमांड 'डॅश एस' लावून चालवा. काहीही न बदलता, काय काय बदलेल त्याची यादी दिसते. त्यात लिबसी6 दिसलं, किंवा काढून टाकायच्या पॅकेजेसमध्ये तुमचा डेस्कटॉपच दिसला, तर तिथेच थांबा.

नवी आवृत्ती खरंच हवी असेल तर आधी बॅकपोर्ट्स पाहा. तो डेबियनचाच वेगळा साठा आहे, आणि तिथली नवी पॅकेजेस स्टेबलच्याच लायब्ररींवर पुन्हा बांधलेली असतात. 'बॅकपोर्ट्सची ओळ घातली, पण काहीच बदललं नाही' ही तक्रार बरेच जण करतात. बदलणार नाहीच: कुठली आवृत्ती निवडायची हे एपीटी प्रायॉरिटीच्या आकड्यावरून ठरवतं, आणि बॅकपोर्ट्सची प्रायॉरिटी 100 असते, स्टेबलची 500. तिथलं पॅकेज हवं असेल तर कमांडला 'डॅश टी' लावून बॅकपोर्ट्सचं नाव द्यावं लागतं. ही सोय मला फार मोलाची वाटते. कृपा करून एपीटीच्या प्रेफरन्सेसच्या फाइलमध्ये तो प्रायॉरिटीचा आकडा वाढवून ती घालवू नका. कुठून तरी उचललेला 1001 तर नकोच, हजाराच्या वर गेलं की एपीटी डाउनग्रेडसुद्धा करतं.

उबुंटूचे पीपीए, म्हणजे उबुंटूसाठी लोकांनी बनवलेले पॅकेजेसचे साठे, डेबियनमध्ये घालू नका, ते वेगळ्या लायब्ररींसाठी बांधलेले असतात.

सोर्सेसमध्ये 'स्टेबल' न लिहिता 'ट्रिक्सी' असं आवृत्तीचं नाव लिहा (ट्रिक्सी म्हणजे डेबियन 13, त्याआधीचं बुकवर्म म्हणजे 12). 9 ऑगस्ट 2025 ला ट्रिक्सी स्टेबल झालं, तेव्हा नुसतं 'स्टेबल' लिहिलेल्या मशीन बुकवर्मवरून थेट नव्या आवृत्तीकडे वळल्या.

घोटाळा आधीच झाला असेल तर 'एपीटी-कॅश पॉलिसी लिबसी6' चालवा. बसवलेली आवृत्ती कुठून आली ते कळतं. ती स्टेबलचीच असेल तर टेस्टिंगची ओळ काढा आणि बाहेरून आलेली दोन-चार पॅकेजेस काढून पुन्हा बसवा. लिबसी6 च टेस्टिंगचं असेल, तर डेटाचा बॅकअप घ्या आणि स्टेबल नव्याने बसवा.