एमएस्सी ऑरगॅनिकनंतर ॲग्रो की फार्मा?

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा, की ॲग्रो (शेतीची रसायनं) आणि फार्मा (औषधं) ही दोन वेगळी जगं आहेत. फ्लुकोनाझोल हे माणसाचं औषध आणि टेब्युकोनाझोल हे पिकावरचं बुरशीनाशक, दोन्हींत ट्रायझोल रिंग (तीन नायट्रोजन असलेलं पाच अणूंचं कडं) आणि दोन्ही बुरशीच्या पेशीच्या आवरणाला लागणारं अर्गोस्टेरॉल बनणंच थांबवतात, म्हणून सिंथेसिस, म्हणजे रेणू बनवणं, पक्कं शिका, टीएलसी (रिॲक्शन कुठवर आली ते बघायची पट्टी) आणि कॉलम (मिश्रण वेगळं करायची नळी) जमलंच पाहिजे, एनएमआर (रेणूची रचना सांगणारा आलेख) स्वतः वाचता आलाच पाहिजे. फरक पडतो तो भावात. औषधात महागडा कॅटॅलिस्ट (रिॲक्शन वेगाने घडवणारा पदार्थ) कधी कधी परवडतो पण शेतकऱ्याला विकायच्या मालात नाही, तिथे कॉलमऐवजी क्रिस्टलायझेशन (स्फटिक पाडून शुद्ध करणं) जमवा. पहिली नोकरी शक्यतो लोटे, महाड, तारापूर या केमिकल वसाहतींकडे प्लांटजवळच्या लॅबमध्ये घ्या, कारण फ्लास्कमधली उष्णता रिॲक्टरमध्ये कशी अंगावर येते ते तिथेच कळतं, आणि नोटबुक रोजच्या रोज लिहा, फसलेली रिॲक्शनसुद्धा.