लिलावात बसताय? आधी कोपरे घ्या, रेडर नंतर

दिवाळी सरली की आमच्याकडे सिंधुदुर्गात कापणी झालेल्या कुणग्यात पोरांची संध्याकाळची प्रॅक्टिस सुरू होते आणि पाठोपाठ तालुक्या-तालुक्यात प्रीमियर लीगचे लिलाव. क्रिकेटचे तर आहेतच, मी बोलतोय कबड्डीच्या लिलावाबद्दल. गेली चार वर्षं आमच्या वाडीच्या टीमच्या टेबलावर मी असतो, म्हणजे पैसे टाकणारे संघमालक वेगळे, आमचे एक काका आहेत मुंबईत धंदा करणारे, मी आपला वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन बाजूला. पहिली दोन वर्षं माती खाल्ली. या वर्षी पहिल्यांदा बसणाऱ्या दोघातिघांनी विचारलं की नक्की कोणाला आधी घ्यायचं, म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय.

आधी आमची माती ऐका. प्रत्येक टीमला बोलीसाठी १ लाख पॉइंट, १२ प्लेअर घ्यायचे, बेस प्राईज, म्हणजे बोली जिथून सुरू होते ती, ३ हजार. पहिलीच चिठ्ठी निघाली ती मुंबईत खेळणाऱ्या एका नावाजलेल्या रेडरची, म्हणजे चढाई करणाऱ्याची. हॉलमध्ये शिट्ट्या. काका खुर्चीतून अर्धे उठले, "रे, ह्यो गेलो तर परत गावाचो (मिळायचा) नाय, लाव!" मी म्हटलं काका थांबा जरा, पण तोपर्यंत बोली ४० च्या वर गेली होती आणि ४६ हजारला तो आमचा झाला, हार घातला, फोटो काढले, सगळं झालं. पुढच्या तासाभरात दोन्ही चांगले कोपरे, म्हणजे बचावाच्या रांगेत दोन टोकांना उभे राहून रेडरला पकडणारे गडी, १५-१६ हजाराला दुसऱ्यांनी उचलले आणि आम्ही उरलेसुरले गोळा करत बसलो.

मग पहिली मॅच. आमचा हिरो दुसऱ्याच चढाईत पकडला गेला आणि बाहेर जाऊन बसला, खांद्यावर टॉवेल, हातात नी-कॅप, ती नुसती फिरवत बसलाय. आता कबड्डीत बाहेर गेलेला गडी आत कधी येतो? आपल्या टीमने टच किंवा पकडीचा पॉइंट घेतला तर. बोनसने, म्हणजे समोरच्यांच्या बोनस लाईनपलीकडे पाय टाकून मिळणाऱ्या पॉइंटने, कोणी जिवंत होत नाय. दुसरा रेडर धड नव्हता, पकड करणारा कोपरा आमच्याकडे नव्हताच, मग त्याला आत आणणार कोण? ४६ हजार पॉइंट बाकावर बसून राहिले आणि आमच्यावर दोनदा लोण चढला, म्हणजे अख्खी टीम बाद. वर तिसऱ्या मॅचच्या आधी भाऊ तुतारी एक्सप्रेस पकडून मुंबईला, सुट्टी संपली म्हणे.

सगळं म्हणणं एवढंच आहे बघा. रेडर पॉइंट आणतो हे खरं, पण पकडला गेलेल्या रेडरला आत आणायचं काम बऱ्याच वेळा कोपरा करतो, आणि लिलावात कोपरा स्वस्त असतो कारण त्याच्या नावावर शिट्ट्या पडत नाहीत.

हे फक्त आमच्या गल्लीतलं शहाणपण नाय. प्रो कबड्डीचा २०२२ चा लिलाव आठवा, पवन सेहरावत या रेडरला तमिळ थलायवाजने २ कोटी २६ लाखाला घेतला, आणि सीझनच्या पहिल्याच मॅचला गुडघा गेला, पूर्ण सीझन बाहेर. सगळ्यांना वाटलं टीम संपली. पण त्यांच्याकडे सागर राठी आणि साहिल गुलिया हे दोन कोपरे होते, नरेंदर नावाचा नवखा रेडर होता, आणि तीच टीम त्या वर्षी पहिल्यांदा सेमीफायनलला गेली. पुढच्या वर्षी पवनला तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजाराला घेतलं, टीम तळाला, अख्ख्या लीगमध्ये दोन मॅच जिंकली. त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या शादलूला २ कोटी ३५ लाखाला घेतला, तो डाव्या कोपऱ्याचा, आणि पुणे चॅम्पियन. त्याच्या पुढच्या सीझनला तो हरियाणा स्टीलर्सकडे २ कोटी ७ लाखाला गेला, तर हरियाणा चॅम्पियन. म्हणजे मोठी रक्कम लावायचीच असेल तर ती पकडीवर लावा, असं माझं मत झालंय. पवन वाईट प्लेअर नाय हां, माझा फेवरेट आहे तो, प्रश्न टीमचा आहे.

माझा चुलत भाऊ बोटीवर असतो, त्याला त्या अमेरिकन फुटबॉलचं भारी वेड, अंड्याच्या आकाराचा बॉल हातात धरून पळतात तो. तिकडे कॉलेजमधून येणाऱ्या पोरांसाठी लिलाव नाय, ड्राफ्ट असतो, ३२ टीम, ७ फेऱ्या, गेल्या वर्षी शेवटी आलेली टीम सगळ्यात आधी निवडणार, आणि आपला नंबर दुसऱ्या टीमशी अदलाबदल करता येतो. त्याने सांगितलेली एक गोष्ट मी काकांना दर वर्षी लिलावाच्या सकाळी ऐकवतो. १९९९ ला न्यू ऑर्लिन्सच्या टीमला रिकी विल्यम्स नावाचा एक पळणारा गडी एवढा आवडला की त्याच्या एकट्यासाठी त्या वर्षीचे उरलेले सगळे नंबर देऊन टाकले, आणि वर पुढच्या वर्षीचे पण दोन. त्या सीझनला १६ पैकी ३ मॅच जिंकले आणि कोचला घरी पाठवलं. रिचर्ड थेलर, ज्यांना २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी आणि केड मॅसी यांनी या ड्राफ्टचा बसून हिशेब केला, तर निघालं काय, की वरच्या नंबरासाठी टीम गरजेपेक्षा जास्त मोजतात, आणि वरचा एक नंबर सोडून खालचे दोन-तीन घेतले तर बहुतेक वेळा फायद्यात राहतात. आपल्या भाषेत, एका ४६ हजारवाल्यापेक्षा १५-१५ चे तीन बरे.

आता प्रत्यक्ष कामाचं.

लिलावाच्या आठवडाभर आधी यादी हातात येते तेव्हा कोण किती भारी खेळतो हे नंतर, पहिलं बघायचं तो येणार काय. "तो येतलो काय?" हा प्रश्न प्रत्येक नावापुढे लिहा. चाकरमानी असेल तर सुट्टी किती आणि कुठल्या तारखांना, तिकीट काढलंय की वेटिंगवर आहे. बारावीचा पोरगा असेल तर जानेवारीनंतर आईबाप सोडतील काय. आंब्याच्या बागा असतील तर मोहोराच्या फवारणीच्या दिवसांत तो सकाळी बागेत आणि संध्याकाळी मेलेला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच्या गावची जत्रा कधी. हे बाहेरच्या माणसाला हसू येईल पण आमच्याकडे थंडीत रोज कुठे ना कुठे जत्रा असते, आणि आपल्या गावच्या जत्रेला, रात्रीच्या दशावताराला माणूस नसणं हे होऊच शकत नाय, कितीही पॉइंट मोजा. मी आता कॅलेंडर घेऊन बसतो, मॅचच्या तारखा निळ्या पेनाने, जत्रा लाल. लाल-निळं एकत्र आलं की त्या नावापुढे फुली, किंवा निदान किंमत अर्धी.

मग हिशेब. टेबलावर एक आकडा कायम समोर हवा, की आत्ता जास्तीत जास्त किती लावता येतील. शिल्लक पॉइंटमधून, हा प्लेअर सोडून जेवढे घ्यायचे राहिलेत तेवढ्यांची बेस प्राईज वजा करा. १ लाख आणि १२ प्लेअर असतील तर पहिल्या प्लेअरला ११ गुणिले ३ हजार म्हणजे ३३ हजार बाजूला, वरची मर्यादा ६७ हजार. ही झाली नियमाची मर्यादा, आपली स्वतःची त्याच्या बरीच खाली ठेवा. आम्ही आता एका प्लेअरला ३० च्या वर जातच नाय, आणि हा आकडा काकांच्या सहीने वहीत पहिल्या पानावर लिहिलेला आहे, म्हणजे हॉलमध्ये वाद नको.

कोपरा कसा ओळखायचा हे जरा सविस्तर सांगतो कारण बहुतेक जण इथेच फसतात. मॅचचे व्हिडिओ बघू नका, त्यात कॅमेरा रेडरच्या मागे असतो. प्रॅक्टिसला जा. गेल्या वर्षी मी किनाऱ्याकडच्या एका गावात गेलो होतो, रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मासेमारीचं जाळं ओढायला, जाणारा एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, अंगाने बारीक, पण दोर ओढून ओढून मनगटं अशी झालेली की हात मिळवला तेव्हाच कळलं. मी अर्धा तास फक्त त्याच्याकडे बघत होतो. रेडर बोनसला येतो तेव्हा एक पाय बोनस लाईनच्या पलीकडे टाकतो आणि मागचा पाय हवेत उचलावाच लागतो, त्याशिवाय बोनस नाय. त्या एका क्षणाला सगळा माणूस एका पायावर असतो. कच्चा कोपरा हे दिसायच्या आधीच झेप घेतो, तोंडावर पडतो आणि टच देऊन बसतो. हा पोरगा थांबायचा. रेडर आला की अर्धं पाऊल मागे, नजर चेहऱ्यावर नाय, घोट्यावर, आणि टेकलेल्या पायावर वजन आलं की खाली जाऊन दोन्ही हातांनी घोटा. सातपैकी चार वेळा जमलं त्याला. पण मला त्याहून आवडलं ते न जमलेल्या तीन वेळचं, कारण त्यातल्या दोनदा त्याने हातच घातला नाय, जाऊ दिलं. कोपऱ्याला जाऊ देता आलं पाहिजे. ६ हजाराला मिळाला आम्हाला.

फक्त एक लक्षात ठेवा, मातीवर अनवाणी खेळणारा पोरगा मॅटवर बूट घालून तसाच खेळेल असं नाय. त्याला लिलावाआधी एकदा कुठेतरी मॅटवर उभा करून बघा, पाय घसरतात, घोटा पकडला तरी स्वतःच सरकत जातात.

डावा कोपरा जास्त महत्त्वाचा की उजवा यावर रात्रभर भांडता येईल, मी म्हणतो जो आधी स्वस्तात मिळेल तो, पण पहिल्या चार खरेदीत दोन्ही कोपरे झालेच पाहिजेत.

कव्हर, म्हणजे कोपऱ्यांच्या आतल्या बाजूला उभे राहणारे पकडवाले, घेताना एकाच मंडळाची जोडी घ्या. वेगवेगळ्या गावचे दोन भारी कव्हर हात धरून उभे राहतात खरे, पण एक डॅशला, म्हणजे रेडरला अंगाने धडक देऊन बाहेर ढकलायला, जातो तेव्हा दुसरा हात सोडतो की ओढतो हे दोघांना माहीत नसतं, आणि पाच मॅचच्या लीगमध्ये ते शिकायला वेळ नाय. एकाची बोली जिंकलात की दुसऱ्यासाठी दोन हजार जास्त गेले तरी चालतील.

रेडर नकोत असं मी म्हणत नाय हां, कोणी उलटा अर्थ काढू नका. मधल्या किमतीचे दोन घ्या, एक डाव्या बाजूने जाणारा, एक उजव्या बाजूने. त्यातला एक तरी तिसऱ्या चढाईचा असू दे, म्हणजे दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी डू ऑर डाय, तेव्हा घाम न फुटता जाणारा. बोनसवर जगणाऱ्या रेडरला जास्त मोजू नका, समोर सहा किंवा जास्त गडी असतील तरच बोनस मिळतो, पाच झाले की त्याचं दुकान बंद.

लिलावात वेळ पण बघायची. पहिल्या तासात सगळ्यांचे खिसे गरम असतात, तेव्हा गप्प बसा. दुसऱ्याचं बिल वाढवायला खोटी बोली लावू नका, एकदा आम्ही लावली आणि समोरच्याने हात खाली घेतला, नको असलेला रेडर १२ हजाराला गळ्यात. चहा-वडे येतात तेव्हा अर्धे मालक ताटलीत असतात आणि बाकीचे फोटो स्टेटसला टाकत असतात, त्या पंधरा मिनिटांत नाव निघालं तर तुटून पडा. आमचे दोन्ही कव्हर वड्यांच्या वेळेत आलेत.

शेवटच्या दोन-तीन जागा बेस प्राईजच्या कोवळ्या पोरांसाठी ठेवा, ओळखीच्याच्या भाच्यासाठी नको. त्या अमेरिकन ड्राफ्टमध्ये टॉम ब्रेडी २००० साली १९९ व्या नंबरला निवडला गेला आणि पुढे सात वेळा चॅम्पियन झाला. पुण्याचं बघा, अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे ही पोरं त्यांनी कमी किमतीत घेऊन सांभाळली आणि तीच पुढे चॅम्पियन टीममध्ये. तुमच्या लीगमध्ये पुढच्या वर्षी प्लेअर ठेवून घ्यायचा नियम असेल तर यांच्यावर अजून जोर द्या.

आणि लिलाव संपल्या रात्रीच सगळ्या बाराजणांना फोन करा, पार्टी नंतर. शक्यतो घरच्यांशी पण बोला. आमच्या त्या रापणवाल्या कोपऱ्याला या वर्षी परत घेतलाय, ११ हजार गेले, फोन केला तर आईने उचलला आणि पहिलंच वाक्य, "तेका जत्रेक येवकच होया." तारीख बघितली, बरोबर सेमीफायनलचा दिवस. माझ्या वहीत त्या गावची जत्रा लिहायचीच राहिली होती. आता आयोजकांना सांगून आमची मॅच संध्याकाळी सातची करून घेतलीय, अजून सेमीला पोचायचं आहे ते सोडा, पालखी रात्री अकराला, मैदान ते गाव बावीस किलोमीटर, आणि काकांची गाडी डिझेल भरून मैदानाच्या गेटला उभी असणार आहे.