ठोकून दुरुस्त केलेली गाडी घ्यावी का? ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

इथे आल्यावर पहिले काही महिने बसवर निघून जातात. मग मुलांची शाळा एका टोकाला, हॉस्पिटलची नाइट ड्युटी दुसऱ्या टोकाला आणि रविवारी बस तासाला एक, अशी ओढाताण सुरू झाली की सेकंडहँड गाड्यांच्या जाहिराती बघणं चालू होतं. त्यात एक जाहिरात हमखास डोळ्यात भरते. मॉडेल तेच, साल तेच, मैलही तितकेच, पण किंमत इतरांपेक्षा हजार-दीड हजार पौंडांनी कमी. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं ‘कॅट एन’ किंवा ‘कॅट एस’, म्हणजे ठोकलेल्या गाडीची कॅटेगरी. मिल्टन कीन्समध्ये मी नव्या मंडळींबरोबर, विशेषतः नर्स म्हणून आलेल्या मुलींबरोबर, गाड्या बघायला जाते. त्यामुळे हा प्रश्न मला सतत विचारला जातो.

माझं मत आधीच सांगते. नवीन असाल तर कॅट एस घेऊ नका. कॅट एन घ्यायला हरकत नाही, पण गाडी आठ-दहा वर्षं जुनी हवी, ठोकलेल्या अवस्थेतले फोटो हवेत आणि ती मोडीत जाईपर्यंत वापरायची तुमची तयारी हवी. आणि दोन्ही बाबतींत, पैसे देण्याआधी इन्शुरन्सचा आकडा काढा.

आता ही अक्षरं काय ते समजून घ्या. अपघातानंतर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने फार होतोय असं वाटलं, की इन्शुरन्स कंपनी ती गाडी ‘राइट-ऑफ’ करते, म्हणजे मालकाला पैसे देऊन मोकळी होते. ऑक्टोबर 2017 पासून अशा गाड्यांचे चार वर्ग आहेत. ए आणि बी पुन्हा रस्त्यावर येऊच शकत नाहीत. एस म्हणजे गाडीच्या सांगाड्याला मार बसलेला. एन म्हणजे सांगाडा शाबूत. जुन्या गाडीच्या कागदावर सी किंवा डी दिसलं तर ते 2017 आधीच्या पद्धतीतलं.

इथल्या गॅरेजची मजुरी, रंगकाम, दुरुस्ती होईपर्यंत मालकाला द्यायची बदली गाडी, हे सगळं जोडलं की जुन्या छोट्या गाडीचं नुसतं दार आणि बंपर चेपले तरी कंपनीला ती परवडत नाही. म्हणून कॅट एन गाडी बऱ्याचदा खरंच किरकोळ लागलेली असते. पण इथेच लोक फसतात. ‘एन’ म्हणजे फक्त पत्रा आणि रंग, असा समज करून घेऊ नका. ब्रेक, स्टीअरिंग, सस्पेन्शन, एअरबॅग, वायरिंग यांतलं काहीही गेलेलं असू शकतं, कारण यांतलं काहीच सांगाड्यात मोडत नाही. कॅट एन गाडीत एअरबॅग फुटलेल्या असणं मुळीच दुर्मीळ नाही.

दुसरी गोष्ट आपल्या लोकांना पटतच नाही: दुरुस्ती नीट झाली की नाही हे इथे कुठलंही सरकारी खातं तपासत नाही. पूर्वी एक तपासणी होती, पण ती गाडीची ओळख पटवण्यासाठी होती आणि तीही 2015 मध्ये बंद झाली. आता उरली फक्त एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला ठीक आहे का याची दर वर्षीची सक्तीची तपासणी. ती नव्या गाडीला तीन वर्षांनंतर लागते. म्हणजे दोन वर्षांची गाडी ठोकली, कुणाच्या तरी शेडमध्ये जोडली आणि विकायला काढली, तर मध्ये एकाही तपासनीसाने तिला हात लावलेला नसतो. एमओटी झाली असली तरी त्या दिवशी दिवे, ब्रेक, टायर वगैरे ठीक होते एवढंच तिच्यावरून कळतं. आतलं वेल्डिंग कसं केलंय ते तपासायला तिथे कुणी आतलं अस्तर काढून बघत नाही.

इन्शुरन्सबद्दल मी प्रत्येकाला सांगते आणि तरीही दर वर्षी कुणीतरी तीच चूक करतं. आपलं भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून बारा महिने चालतं, पण त्यावर इन्शुरन्स महाग पडतो. भारतातला क्लेम न केल्याचा इतिहास बहुतेक कंपन्या धरत नाहीत. त्यात गाडी राइट-ऑफ झालेली असेल, तर काही कंपन्या सरळ नकार देतात आणि काही हप्ता वाढवतात. एक जोडपं नाशिकहून आलं होतं. एका ग्रुपवर ओळख झालेल्या माणसाकडून त्यांनी चार वर्षांची गाडी घेतली. ‘छोटंसं लागलं होतं’ एवढंच तो बोलला होता. शनिवारी संध्याकाळी बँकेतून पैसे पाठवले, रविवारी इन्शुरन्स काढायला बसले, तेव्हा कळलं की गाडी कॅट एस आहे. एकामागून एक कंपन्यांनी नाही म्हटलं. जिने हो म्हटलं तिचा वर्षाचा हप्ता गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या वर होता. पुढे मागचे टायर आतल्या बाजूने झिजायला लागले, चाकांची अलाइनमेंट काही केल्या बसेना, आणि शेवटी ती गाडी मातीमोल भावात काढावी लागली. हे सगळं वीस पौंडांत टळलं असतं. गाडीचा नंबर टाकला की राइट-ऑफ, थकलेलं कर्ज, चोरी हे सगळं दाखवणारा अहवाल तेवढ्यात मिळतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी नंबर घ्या, मग अहवाल काढा, मग तोच नंबर आणि कॅटेगरी सांगून इन्शुरन्सचा आकडा मिळवा, आणि त्यानंतरच गाडी बघायला जा. कॅटेगरी लपवून स्वस्त हप्ता मिळवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. क्लेमच्या वेळी कंपनी ते शोधून काढते. गाडी पुन्हा ठोकली तर भरपाईही कॅटेगरी लक्षात घेऊन कमीच मिळते, हेही हिशेबात धरा.

अहवाल स्वच्छ आला म्हणजे गाडी कधीच ठोकली नव्हती असं मात्र नाही. मालकाने क्लेम न करता स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती केली असेल तर कुठेच नोंद नसते. म्हणून गाडी नीट बघावी लागते, आणि बघायची ती दिवसाउजेडी, कोरडी असताना. पावसात प्रत्येक गाडी चकचकीत दिसते.

बॉनेट उघडा आणि बिजागऱ्यांचे बोल्ट बघा. कारखान्यातून आलेल्या बोल्टवर रंग सलग असतो. पाना लागला असेल तर कडांवरचा रंग उडालेला दिसतो. दारांच्या रबरावर बोट फिरवा, तिथे रंगाचे खरखरीत तुषार लागले तर ते दार कारखान्याबाहेर पुन्हा रंगवलंय. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का ते बघा. एक हेडलाइट पिवळट आणि दुसरा काचेसारखा लख्ख असेल तर का ते विचारा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, खाली लेबलवर तारीख असते, ती गाडीच्या सालाशी ताडून बघा. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही तर ती गाडी तिथेच सोडा, कारण कुणीतरी दिवाच बंद करून ठेवलेला असू शकतो. शेवटी डिकीतला (इथे तिला ‘बूट’ म्हणतात) गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्यातला पत्रा बघा. मागून बसलेला मार तिथे सुरकुत्यांच्या रूपात राहून जातो, आणि विकणारे तिथे क्वचितच हात घालतात. एवढं करूनही गाडी आवडली, तर शंभर-दोनशे पौंड देऊन स्वतंत्र तपासनीसाकडून ती तपासून घ्या. विकणारा त्याला नाही म्हणाला तर पुढे बोलणंच नको.

सरकारी संकेतस्थळावर एमओटीचा इतिहास फुकट दिसतो. दर वर्षीचे मैल आणि शेरे वाचा.

आपल्या माणसाकडून घेण्याबद्दल थोडं स्पष्ट बोलते. परक्या देशात मराठी ऐकलं की जीव सुखावतो, मलाही सुखावतो. पण भाषा एक आहे म्हणून माणूस प्रश्न विचारत नाही, कागद मागायला संकोचतो आणि ‘दादा, तुमच्यावर विश्वास आहे’ म्हणून पैसे पाठवून मोकळा होतो. खाजगी विक्रीत कायदा तुमच्या बाजूने फार थोडा असतो. विकणाऱ्याने खोटं सांगायचं नाही एवढंच बंधन त्याच्यावर असतं, आपणहून सगळं सांगायचं बंधन नसतं. म्हणून विचारा, आणि लेखी विचारा: ‘ही गाडी कधी राइट-ऑफ झाली होती का? कोणती कॅटेगरी? कुठे मार होता? दुरुस्तीची बिलं आहेत का?’ व्हॉट्सॲपवर आलेलं उत्तर जपून ठेवा. खरा सज्जन असेल तो या प्रश्नांनी रागावणार नाही.

डीलरकडून घेतली तर 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे दोष निघाल्यास तीस दिवसांत गाडी परत करता येते. इसाराची रक्कम तरी क्रेडिट कार्डाने द्या. गाडीची किंमत शंभर ते तीस हजार पौंडांच्या दरम्यान असेल तर 1974 च्या कायद्याने कार्ड कंपनीही पूर्ण किमतीला जबाबदार राहते.

सौदा ठरला की लॉगबुकमधली, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रातली, नव्या मालकाची हिरवी पट्टी मागून घ्या. लॉगबुक हा मालकीचा पुरावा नाही, तसं त्यावरच छापलेलं असतं, म्हणून सही केलेली पावती वेगळी घ्या. ऑक्टोबर 2014 पासून जुन्या मालकाचा रोड टॅक्स गाडीबरोबर येत नाही. तेव्हा विकणाऱ्याच्या दारात उभं राहूनच त्या पट्टीवरच्या नंबराने फोनवरून टॅक्स भरा, इन्शुरन्स सुरू झाल्याचा ईमेल आलाय याची खात्री करा, आणि मगच गाडी हलवा.