धूर उठल्यावर नुसता एक्यूआय बघत बसू नका: हवेच्या आणीबाणीत या चुका टाळा

कचरा डेपो पेटला किंवा कारखान्यातून वायू सुटला की बैठकीत पहिला प्रश्न येतो, "एक्यूआय किती?" गडबड तिथूनच सुरू होते. एक्यूआय म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, आणि तो रोजच्या हवेसाठी बनवलेला आहे. आणीबाणीची तयारी वेगळी असते आणि ती आधीच करून ठेवावी लागते.

सरासरीवर विसंबणे

आपल्या राष्ट्रीय निर्देशांकात पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, २४ तासांची सरासरी धरतात. समजा, २२ तास पीएम २.५ दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम होतं आणि आगीच्या धुरात दोन तास ६०० वर गेलं. सरासरी येते ८७ च्या आसपास, निर्देशांक १९० च्या जवळ आणि शेरा 'मध्यम'. त्याच दोन तासांत शेजारच्या वस्तीतल्या दमेकऱ्याचा जीव कासावीस झालेला असतो.

म्हणून अशा वेळी पंधरा मिनिटांचा आणि तासाचा आकडा बघा, सोबत वाऱ्याची दिशाही. वारा हवा मोजणाऱ्या केंद्राकडून आगीकडे वाहत असेल, तर केंद्राला धूर लागतच नाही आणि आकडा छान दिसतो. हवा मोजणारी फिरती व्हॅन वारा धूर नेतो त्या बाजूला नेऊन उभी करा. शिवाय डेपोची आग एका दिवसात आटोपत नाही. मार्च २०२३ मध्ये कोचीचा ब्रह्मपुरम डेपो दहा दिवसांहून जास्त धुमसत होता. माणसांच्या पाळ्या आधीच ठरवलेल्या हव्यात.

यादीत नसलेला वायू विसरणे

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. एक्यूआयमध्ये आठच प्रदूषकं आहेत. ७ मे २०२० रोजी पहाटे विशाखापट्टणमच्या एलजी पॉलिमर्स कारखान्यातून स्टायरीन हे प्लास्टिक बनवायचं रसायन वाफेच्या रूपात सुटलं. ते या आठांत नाही. माणसं रस्त्यात कोसळत असतानाही एक्यूआयच्या गणितात त्याची नोंद होण्याचा प्रश्नच नव्हता.

डोंबिवली, तारापूर, महाड, लोटे अशा पट्ट्यांत कुठल्या टाकीत काय आणि किती आहे, याची यादी प्रदूषण मंडळ, अग्निशमन दल आणि जवळचं रुग्णालय या तिघांकडे तयार हवी. धोकादायक रसायनांच्या १९८९ च्या नियमांनुसार कारखान्याबाहेरचा आपत्कालीन आराखडाही लागतोच. त्यातली यादी दोन वर्षं जुनी असेल, तर तिच्यावर भिस्त ठेवू नका. हातात धरायचे गॅस डिटेक्टर चार्ज करून ठेवा आणि हवेचा नमुना पकडायला रिकामे कॅनिस्टर जवळ असू द्या. वायू उडून गेला की नेमकं काय सुटलं होतं, हे सांगणं फार अवघड होऊन बसतं.

आकडा ओलांडेपर्यंत थांबणे

दिल्लीत १३ नोव्हेंबर २०२४ ला निर्देशांक ४०० पार गेला, ग्रॅपचा, म्हणजे प्रदूषण वाढेल तसे टप्प्याटप्प्याने निर्बंध लावणाऱ्या योजनेचा, तिसरा टप्पा लागू झाला १५ ला. सर्वोच्च न्यायालयाने या दिरंगाईबद्दल खडसावलं. खरं तर अंदाजावरून आधीच पावलं उचलण्याची तरतूद ग्रॅपमध्ये होती आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेची पूर्वसूचना प्रणाली २०१८ पासून दिल्लीसाठी अंदाज देते आहे. बांधकामं थांबवायला, शाळांना कळवायला वेळ लागतो. तो वेळ अंदाजातूनच मिळतो.

सगळ्यांना एकच सल्ला देणे

"मास्क लावा, घरात बसा" हे प्रत्येक वेळी चालत नाही. लाकूड-कचऱ्याच्या धुरातले कण एन-९५ अडवतो, वायू अडवत नाही. स्टायरीनची वाफ हवेपेक्षा जड, ती सखल भागात साचते. तिथे तळघरात लपणं धोक्याचं, वरच्या मजल्यावर किंवा वाऱ्याला आडवं बाजूला सरकणं बरं. प्रत्येक रसायनासाठी दोन ओळींचा मराठी आणि हिंदी संदेश आधीच लिहून मंजूर करून ठेवा.

विशाखापट्टणमच्या त्या कारखान्यात भोंग्याची बटणं जागोजागी होती, पण भोंगा वाजलाच नाही, असं चौकशी समितीने नोंदवलं. आपल्याकडे मॉक ड्रिल बहुधा दिवसाउजेडी, सगळ्यांना आधी कळवून होते. एकदा पहाटे तीनला घेऊन बघा: नियंत्रण कक्षात फोन कोण उचलतं, व्हॅनची चावी कुणाकडे असते आणि भोंगा वाजवायला कुणाची परवानगी लागते.