कामगाराला सुचलेली सुधारणा यंत्रावर कशी आणावी

छोट्या कारखान्यात नवी युक्ती बहुतेक वेळा यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसालाच आधी सुचते. मालकाने ती बघायला शिकावं, म्हणून हे लिहितोय.

१. रोज पंधरा मिनिटं एकाच यंत्रापाशी उभे राहा. बोलू नका, हात बघा. आमच्याकडे ड्रिलिंगचे जॉब (भोक पाडायचे धातूचे तुकडे) अधूनमधून रिजेक्ट व्हायचे, भोक जागेवर येत नसे. एके सकाळी पाहिलं तर फिक्स्चरला, म्हणजे जॉब पकडून ठेवणाऱ्या साच्याला, रंगाचा जुना ब्रश दोरीने बांधलेला. जॉब लावण्याआधी ऑपरेटर दर वेळी त्याची बैठक (जॉब टेकतो ती जागा) झाडून घेत होता. धातूचा बारीक कीस खाली राहिला की जॉब तिरका बसतो, हे त्याला कधीचंच कळलं होतं. दुसऱ्या शिफ्टला हा ब्रश ठाऊकच नव्हता.

२. ‘कुणी केलं?’ ऐवजी ‘का झालं?’ विचारा. टोयोटात पाच वेळा ‘का’ विचारायची रीत आहे. आकड्याला चिकटून बसू नका. हात घालता येईल असं कारण मिळेपर्यंत विचारा. जॉब तिरका का? कीस राहतो. का राहतो? बैठक सपाट, निघायला वाटच नाही. आम्ही बैठकीला खाच पाडली.

३. प्रत्येक सूचनेला आठवड्याच्या आत उत्तर द्या. माझ्या मते सगळं इथेच ठरतं. टोयोटाने कामगारांच्या सूचनांची पद्धत १९५१ साली सुरू केली. आपल्याकडे भिंतीवर पेटी लागते, चिठ्ठी आत जाते आणि पुढे तिचं काय झालं ते कुणालाच कळत नाही. दोन सूचना अशा विरल्या की तिसरी येत नाही. उत्तर ‘नाही’ असलं तरी यंत्रापाशी जाऊन कारण सांगा.

४. बदल आधी एकाच यंत्रावर करा. आठवडाभराचं रिजेक्शन फळ्यावर लिहा, शेजारी सुचवणाऱ्याचं नाव.

५. चूक दिसताच काम थांबवायची मुभा द्या. टोयोटा समूहाचे संस्थापक साकिची टोयोडा यांचा कापड विणायचा माग धागा तुटताच आपोआप थांबायचा. टोयोटाच्या गाड्या जोडायच्या लाइनवर तेच काम कामगाराच्या हाताशी असलेली दोरी करते. ती ओढली की टीम लीडर येतो, अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. तुमच्याकडे पहिल्यांदा कुणी यंत्र बंद करेल, तेव्हा सगळा कारखाना तुमच्या चेहऱ्याकडे बघत असेल. जवळ जाऊन ‘काय दिसलं?’ एवढंच विचारा आणि त्याचं पूर्ण ऐकून घ्या.